एकतीस नंबरचा पेला

सुमेधा गमरे अणूचे तुकडे मोजायची. तिच्या आईला, वेणूबाईंना, हे चारचौघींत सांगायला फार आवडायचं. वाशीच्या सेक्टर दोनमधल्या त्यांच्या बिल्डिंगीत कुणाची मुलगी बँकेत होती, कुणाची टेलिफोनमध्ये. पण खाडीपूल ओलांडून ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेत जाणारी एकच. खालच्या मजल्यावरच्या जाईबाईंनी एकदा न राहवून विचारलं, "म्हणजे आधी कापतात कशानं गं?" वेणूबाईंनी जराही न अडखळता सांगितलं, "मशीन असतं."

मशीन नव्हतं. सुमेधासमोर असायचा एक सूक्ष्मदर्शक, एक वही आणि नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या चकत्या. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे दोन जड तुकडे विरुद्ध दिशांना सुसाट सुटतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण वाटेत प्लॅस्टिकची चकती ठेवली तर तिच्यात घुसताना बारीकशी जखम करून जातात. ती चकती गरम कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवली की जखम रुंदावते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काडेपेटी सांडल्यासारख्या काड्या दिसतात. एक काडी म्हणजे एक तुकडा. दिवसभर काड्या मोजायच्या, वहीत आकडा टाकायचा. पहिल्या महिन्यात तिला झोपेतही काड्या दिसायच्या. पुढे सवय झाली, आणि नंतर तर नुसत्या काडीच्या जाडीवरून ती सांगू लागली, की ही खरी काडी आहे की प्लॅस्टिकवरचा ओरखडा.

तिच्या वरच्या अधिकारी होत्या डॉक्टर मालती सोहोनी. त्यांना सगळे मालतीबाई म्हणायचे. त्यांच्या कपाटात आणखी एक फिल्म होती, परदेशातून आलेली, गडद लाल. जड तुकडे तर तिच्यावर उमटायचेच, पण त्यांच्यापेक्षा कितीतरी हलके अल्फा कणही उमटायचे. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये मालतीबाईंनी ती फिल्म काढून सुमेधापुढे ठेवली.

"जमिनीत, दगडामातीत थोडंसं युरेनियम सगळीकडेच असतं," त्या म्हणाल्या. "त्यातून एक वायू सुटतो, घरात येतो. त्यातून अल्फा कण निघतात. आपल्याकडच्या साध्या घरांत ते किती असतात, हे कुणी नीट मोजलेलंच नाही. पेल्याच्या तळाला ही फिल्म चिकटवायची, पेला उपडा करून आढ्याला टांगायचा. तीन महिने हात लावायचा नाही. मग काढून आणायचा. तू वाशीची ना? तुझ्या बाजूला जुनी गावं आहेत."

"घणसोली आहे. मातीच्या भिंती आहेत अजून बऱ्याच घरांना."

"मग पन्नास पेले घे."

सुमेधाला वाटलं, दोन रविवारांत काम होईल. पहिल्या रविवारी ठाणे-बेलापूर रोडवर एसटीतून उतरून, खांद्याला पिशवी अडकवून ती गावठाणात शिरली, आणि दुपारपर्यंत तिचा एकही पेला टांगला गेला नाही. हातात वही असलेली परकी बाई दिसली की दारं लागत होती. एका ओटीवर एक म्हातारी मासळी साफ करत बसली होती. तिनं कोयत्यावरची मान वर न करता विचारलं, "मोजनीवाली काय?" सुमेधा म्हणाली, "हो, म्हणजे मोजायचंच आहे, पण—" म्हातारी उठून आत गेली.

गेली दहा-बारा वर्षं या गावांनी मोजणीच पाहिली होती. नव्या शहरासाठी साखळी घेऊन सरकारी माणसं यायची, शेतं मोजायची, मिठागरं मोजायची, आणि मोजलेलं सगळं हातातून जायचं. सुमेधाला हे वर्तमानपत्रातून ठाऊक होतं, पण आपल्या पिशवीतले पेले त्या साखळीचे भाऊबंद दिसतील, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

गावाच्या टोकाला एका पडवीत ओळीनं गॅसबत्त्या मांडल्या होत्या. वीस-बावीस असतील. एक माणूस मांडी घालून त्यांच्या काचा फडक्यानं पुसत बसला होता. पन्नाशीचा, अंगात बनियन, कानावर अर्धी विडी. हा चांगदेव मढवी. गावात वीज होती, पण नवरदेवाच्या वरातीबरोबर वीज कशी चालणार? त्यामुळे घणसोलीपासून कोपरखैरण्यापर्यंत कुठलंही लग्न चांगदेवच्या बत्त्यांशिवाय हलत नसे.

सुमेधा दमली होती. तिनं पाणी मागितलं.

चांगदेवनं आतल्या बाजूला हाक दिली, "पुतळा, पानी हान गो." मग तिला न्याहाळत म्हणाला, "सकालपासून फिरतंस. कोन तू?"

"मी सुमेधा गमरे. वाशीला राहते."

"गमरे म्हंजी कुठले?"

"गाव खेडकडचं. आम्ही बौद्ध."

दाराशी तांब्या घेऊन आलेली पुतळाबाई क्षणभर थांबली. सुमेधाला तो क्षण ओळखीचा होता. तसे पुष्कळ तिच्या वाट्याला आले होते. पण पुतळाबाईनं तांब्या तिच्या हातात दिला आणि पडवीतलं फडकं झटकून म्हणाली, "उबी का? बस. चाय पितंस ना?"

चहा येईपर्यंत चांगदेवनं एक पेला उलटसुलट करून पाहिला, आतली लाल फिल्म बोटानं चाचपायला गेला, तेव्हा सुमेधानं "नको काका!" म्हणून तो काढून घेतला.

"यानं घर मोजत नाय?"

"नाही."

"जमीन?"

"नाही हो. हवा मोजते. घरातली हवा."

चांगदेवनं बायकोकडे पाहिलं, मग सुमेधाकडे, आणि त्याला हसू फुटलं. खोकला येईपर्यंत तो हसला. "हवा मोज, बाय! पायजे तितकी मोज. हवा कोन नेनार हाय आमची?"

तो तसाच उठला आणि तिच्याबरोबर निघाला. प्रत्येक दाराशी उभा राहून ओरडायचा, "दार उघडा गो! ही हवा मोजनारी बाय हाय, जमिनीचा काय संबंध नाय!" संध्याकाळ व्हायच्या आत तीस पेले टांगून झाले. मासळीवाल्या म्हातारीनं तर, तिचं नाव गिरजाबाई, आधी दार लावल्याची भरपाई म्हणून दोन पेले मागितले. एकतिसावा पेला सुमेधानं चांगदेवच्याच घरात टांगला, माजघरात, तुळईच्या खिळ्याला. उरलेले पुढच्या रविवारी लागले. जाताना तिनं बजावलं, की तीन महिने कुणीही हात लावायचा नाही.

"त्याची कालजी तू सोड," चांगदेव म्हणाला. "ती माझी जबाबदारी."

मार्चच्या सुरुवातीला ती पेले काढायला गेली, तेव्हा पोरं "हवावाली आली" करत तिच्यामागे धावली. पेल्यांची कायकाय दशा झाली होती! एकात चिमणीनं काड्या आणून ठेवल्या होत्या. एका घरी तो सुलटा करून त्यात हळकुंडं ठेवली होती. चांगला पेला उपडा टांगून फुकट घालवायचा हे त्या घरच्या बाईला काही पटलं नव्हतं. दोन नुसतेच नाहीसे झाले होते. गिरजाबाईनं आपल्या दोन्ही पेल्यांना बाहेरून कुंकवाचं बोट लावून वर झेंडूचं फूल खोचलं होतं. "रोज नमस्कार करतंय," ती म्हणाली, "तुमच्या त्या कनांना." पन्नासांतले त्रेचाळीस पेले धड हाती लागले. चांगदेवचा पेला खिळ्यावर जसाच्या तसा लटकत होता. घरही खुशीत होतं. मुलीचं, शांतीचं लग्न कोपरखैरण्याला ठरलं होतं, एप्रिलमधली तारीख निघाली होती. पुतळाबाईनं सुमेधाला आमंत्रण दिलं, वर कागदात बांधून सुके बोंबील दिले.

प्रयोगशाळेत सुमेधानं फिल्म्स कॉस्टिक सोड्यात घातल्या, धुतल्या, वाळवल्या आणि मोजायला बसली. एका चौरस सेंटिमीटरला तीस, चाळीस, कुठं पंचवीस. बंद कोंदट खोली असेल तर साठ. आकडे छान येत होते, एकमेकांना धरून. मग तिनं एकतीस नंबरची फिल्म भिंगाखाली सरकवली, आणि तिला वाटलं, भिंगच बिघडलं.

लाल रंग उरलाच नव्हता. भोकाला भोक लागून सगळी फिल्म चाळणीसारखी झाली होती. मोजणार काय? तिनं फिल्म उचलून नुसत्या डोळ्यांनी खिडकीकडे धरली. बाकीच्या गडद लाल होत्या. ही पार फिकी पडून आरपार उजेड सोडत होती.

शेजारच्या टेबलावर दिलीप बसायचा. तो म्हणाला, "खराब झाली असणार. टाकून दे. बेचाळीस आहेत ना चांगल्या?"

मालतीबाईंनी फिल्म पाहिली, चष्मा काढला, पुन्हा घातला. "सुमेधा, आपल्या युरेनियमच्या टेबलावर ही ठेवली होतीस का कधी?"

"नाही, बाई."

"चिकटवताना हात धुतले होतेस?"

प्रश्न साधाच होता, विचारायलाच हवा असा. पण तो तिला लागला. तीन वर्षांत तिनं एक चकती इकडची तिकडे केली नव्हती. ती म्हणाली, "पन्नास फिल्म्स मी एकाच दिवशी, याच हातांनी चिकटवल्या. तीस आणि बत्तीस नंबरच्या स्वच्छ आहेत. माझ्या हाताला काही असतं तर त्यांच्यावरही आलं असतं."

मालतीबाईंनी त्या दोन्ही फिल्म्स भिंगाखाली घालून पाहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. म्हणजे जे काही आहे ते त्या घरात आहे. कोण राहतं तिथं?"

हातांचा प्रश्न सुटला आणि सुमेधापुढे घराचा उभा राहिला. त्याच तुळईखाली चांगदेव, पुतळाबाई आणि शांती झोपत होते. बरं, गावात नुसती कुजबूज झाली असती, की मढव्यांच्या घरातली हवा वाईट निघाली, तर महिन्यावर आलेल्या लग्नाचं काय झालं असतं? ज्या माणसानं दारोदार ओरडून तिच्यासाठी दारं उघडली, त्याच्याच दारावर हे यावं! तिनं दिलीपला सांगितलं, की यातलं बाहेर कुणाशी बोलू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सुट्टी टाकून एसटी पकडली.

चांगदेव पडवीतच होता. लग्नसराई तोंडावर आल्यानं बत्त्यांची जुळवाजुळव चालली होती.

"काका, तुमचा पेला तीनही महिने त्या खिळ्यालाच होता ना?"

"मंग! त्याला काय पाय हायत?"

"मधे कधी काढला नव्हता?"

"छ्या! मी? गावभर मीच सांगितलं ना, पेल्याला हात लावाल तर बघा म्हनून."

आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला. पुतळाबाई पिठाच्या हातांनीच दारात आली. "सांगा की तिला."

"काय सांगू?"

"सांगताय, का मी सांगू?"

चांगदेवनं कानावरची विडी काढली, पाहिली, पुन्हा कानावर ठेवली. "चुना मारायचा होता माजघराला," तो सुमेधाकडे न बघता म्हणाला. "म्हनून काढला. म्हटलं, उद्या लावतंय. मंग उंदरांचा तरास. पेला कुरतडला तर तुला काय तोंड दाखवू? म्हनून डब्यात घालून ठेवला. नीट. झाकन लावून."

"कधी?"

"डिसेंबर सरायच्या आत," पुतळाबाई म्हणाली. "आन तू येनार त्याच्या आदल्या दिवशी यांना आठवन झाली. मंग शिडी काय, खिला काय! सगल्या गावाला दम देत फिरत होते, आन सोताचा पेला डब्यात."

चांगदेव मढवी, ज्याच्या शब्दावर पन्नास पेले टांगले गेले, तो मान खाली घालून एक स्वच्छ काच पुन्हा पुसू लागला. सुमेधाला हसायचं नव्हतं, पण पुतळाबाईच्या चेहऱ्याकडे बघून तिला ते आवरेना. तिघंही हसली.

"कुठला डबा?" तिनं डोळे पुसत विचारलं.

तो पत्र्याचा चौकोनी मोठा डबा होता, बिस्किटांच्या दुकानात असतो तसा. आत कागदी पाकिटं शिगोशीग भरली होती, आणि प्रत्येक पाकिटात बत्तीची नवी पांढरी जाळी, मेंटल, घडी घालून ठेवलेली. सराईसाठी चांगदेवनं दिवाळीतच भरून ठेवली होती. पेला त्या पाकिटांवर उपडा पडून होता, दोन महिन्यांहून अधिक.

सुमेधानं एक पाकीट हातात घेतलं. कापडाची विणलेली जाळी. पेटवली की कापड जळून जातं आणि राखेचा सांगाडा पांढराशुभ्र उजळतो. एवढंच तिला माहीत होतं. त्यात आणखी काय असतं, याचा तिनं जन्मात विचार केला नव्हता.

"काका, दोन नेऊ?"

"डबा ने सगला," चांगदेव म्हणाला. अपराधी माणूस उदार असतो.

तिनं दोनच नेल्या. त्या दुपारी मालतीबाईंनी पाकीट उघडलं, जाळी बाहेर काढली आणि कपाळावर हात मारून घेतला. "थोरियम! अगं, मेंटलला थोरियम लावलेलं असतं, म्हणून तर तो लखलखाट. त्यातूनही वायू सुटतो, अल्फा सुटतात. बंद डब्यात पाच-सहा डझन जाळ्या आणि वर तुझा पेला! चाळणी होणार नाही तर काय?" मग खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, "माझ्या माहेरी गणपतीत बत्ती मीच पेटवायची. आणि उभी हयात थोरियमवर वाचण्यात गेली. पण दोन्हींची गाठ डोक्यात पडली नाही कधी."

"आधी खात्री करू या," सुमेधा म्हणाली.

तिनं लाल फिल्मचा तळहाताएवढा तुकडा कापला, त्यावर जाळी सपाट पसरली, वर काच ठेवून दोन दिवस दाबून ठेवली. तिसऱ्या दिवशी फिल्म सोड्यातून काढून, धुऊन, तिनं ती खिडकीपाशी धरली आणि तोंडातून "बाई!" एवढंच निघालं. लाल रंगावर जाळी उमटली होती. तिची वीण, उभे-आडवे धागे, कडेची गाठसुद्धा, सगळं फिक्या रेघांनी. ना दिवा लावला होता, ना कॅमेरा. थोरियमनं अंधारात बसून स्वतःचं चित्र काढलं होतं. दिलीप उठून आला, पलीकडच्या खोलीतले दोघे आले. फिल्म हातोहात फिरली.

मालतीबाईंनी मात्र कागद ओढून चार ओळी लिहून दिल्या. डबा घरात नको, मागच्या उघड्या पडवीत ठेवायचा. जाळी बांधल्यावर हात साबणानं धुवायचे. जाळी बांधायचा दोरा दातानं तोडायचा नाही. जळकी राख फुंकायची नाही. "घाबरवू नकोस," त्या म्हणाल्या, "पण पातळही करून सांगू नकोस."

सुमेधानं घणसोलीला जाऊन तसंच सांगितलं. तीस वर्षं चांगदेव दोरा दातानंच तोडत आला होता. "म्हंजी ते वाईट असतं?"

"जपून वापरलं तर बत्तीला काही हरकत नाही. पण तोंडात, छातीत जाऊ द्यायचं नाही. आणि घरात साठा नको. काका, हे खरंच पाळा."

"आजपासून," पुतळाबाई म्हणाली, आणि बोलता बोलता डबा उचलून मागच्या पडवीत घेऊन गेली. नवऱ्यावर सोडलं तर काय होतं, हे तिनं पाहिलं होतं.

मग सुमेधानं पिशवीतून ते चित्र बाहेर काढलं. चांगदेवनं ते उन्हाकडे धरलं. "ही माझ्या बत्तीची जाली?" त्यानं विचारलं. "न पेटवता?"

"न पेटवता."

"तीस वर्सं मी हिला पेटवतंय," तो म्हणाला, "आन ही आधीपासूनच पेटलेली." मग तो फिल्म घेऊन बाहेर पडला, आणि तासाभरात निम्म्या गावानं ती पाहिली. गिरजाबाईनं तिलाही नमस्कार केला.

शांतीचं लग्न थाटात झालं. सुमेधा आईला घेऊन गेली होती. वेणूबाईंनी विहिणींच्या पंगतीत बसून अणूबद्दल पुष्कळ माहिती दिली.

एकतीस नंबरचा आकडा मालतीबाईंनी सरासरीतून वगळला, पण त्याची हकिगत अहवालात वेगळी लिहिली आणि खाली नाव घातलं ते सुमेधाचं. एवढ्यावर सुमेधाचं समाधान होईना. डबा बाहेर गेल्यावर घर निर्मळ झालं की नाही, हे कळायला हवं होतं. म्हणून मार्चमध्येच तिनं चांगदेवच्या माजघरात नवा पेला टांगला होता, आणि या खेपेला जबाबदारी पुतळाबाईवर सोपवली होती. जूनच्या अखेरीस तो काढला, तेव्हा त्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती.

फिल्म धुऊन मोजली त्याच आठवड्यात ती निकाल सांगायला गेली. चिखल तुडवत पोचली, तर चांगदेव वाटच बघत होता. त्यानं शेजारच्या दोघातिघांनाही बोलावून बसवलं होतं.

"काका, एकदम छान बातमी. चौतीस."

"चौतीस हजार?"

"नाही, नुसते चौतीस. गिरजाबाईंकडे छत्तीस आहेत. सगळ्यांसारखंच घर आहे तुमचं."

चांगदेवचा चेहरा उतरला. शेजाऱ्यांकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "म्हंजी गिरजाबाईकडं आमच्यापेक्षा जास्त?"

"दोननं."

"पुन्यांदा मोज," तो म्हणाला. "तुझी काईतरी चूक झाली असंल."

"गप बसा," पुतळाबाई आतून म्हणाली. "आन तू ये गो बाय आत, पाय धू. चिंबोऱ्यांचं कालवन केलंय, भात निवतोय."

सुमेधानं चपला काढल्या आणि रांजणाकडे वळली. मागं चांगदेव शेजाऱ्यांना समजावून सांगत होता, की चौतीस हा आकडा दिसतो लहान, पण तसा तो काही अगदी कमी नव्हे.